बसा आता

बाबा,

परवा मला सहासष्टावं लागलं. सोसायटीच्या त्या सभेत तुम्ही बोलायला उभे राहिलात, तेव्हा तुमचंही हेच वय होतं. कोपरच्या आपल्या बिल्डिंगची गच्ची, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मी तिशीतला नवा नवा सेक्रेटरी. ठाण्याच्या कोर्टात जन्मभर कारकुनी केलेले तुम्ही, मुद्दे कागदावर लिहून आला होता. पाण्याच्या टाकीचा पहिलाच मुद्दा इतका सविस्तर मांडत होता की मागे कोणीतरी हसलं. मला तुमची लाज वाटली. ‘‘बाबा, झालं ते. बसा आता,’’ मी म्हणालो. तुम्ही बसलात. कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत आणि पुन्हा कधी सभेला आला नाहीत.

वय झालं की माणूस आपोआप निवळतो, असं मी धरून चाललो होतो. केस पिकले, नातवंडांना उपदेश करायची सवय लागली, आणि आपल्याला आपली ओळख पटली आहे असं खरंच वाटू लागलं. डोंबल! गेल्या रविवारी पुनर्विकासाची सभा होती. आता मी अध्यक्ष. तळमजल्यावरचे काका उठतात, तेच, ज्यांच्या भातशेतावर आपली बिल्डिंग उभी राहिली. मागच्या अंगाला पूर्वी पावसाचं पाणी कसं साचायचं, ते सांगू लागतात, तिसऱ्यांदा. आणि माझ्या तोंडून त्याच सुरात निघतं, ‘‘झालं ते, काका. बसा आता.’’

ते बसले नाहीत. ‘‘बसन, पन बोलून झाल्यावं. तुजे बापाला पन असाच बसवलास. तो बसला. मी नाय बसनार.’’

माझे कान तापले होते. ‘‘बोला,’’ एवढंच म्हणालो. ते दहा मिनिटं बोलले आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

घरी येऊन हे लिहायला घेतलं. तेव्हा वय कोवळं होतं, समज नव्हती, आता आली, माफ करा, असं लिहिणार होतो. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तुमच्या त्या सभेनंतर जिना उतरताना आईनं मला विचारलं होतं, ‘‘अरे, हे असे गप्प का झाले?’’ मी म्हटलं, ‘‘दमले असतील.’’ तिनं ते खरं मानलं, शेवटपर्यंत.

हा कागद कुठे धाडायचा, आणि धाडता आला असता तरी माझी हिंमत झाली नसती. तुम्ही दमला नव्हता, बाबा. मला ते तेव्हाच कळलं होतं.