तुम्ही दिलेल्या पलंगाचे पाय

आबा, तुम्ही मला लग्नात दिलेल्या पलंगाला काल करवत लावली. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोण कशाला सांगायला येतंय म्हणा, पण बापाची वस्तू कापताना लेकीला धाकधूक होतेच.

औंधच्या आपल्या अंगणात तुम्ही सुतारासमोर ठाण मांडून बसला होता, ते आजही डोळ्यांसमोर आहे. जावई पलटणीत, म्हणून त्यांची काळी ट्रंक पलंगाखाली सरकली पाहिजे असा तुमचा हट्ट. ट्रंकेची उंची तुम्ही सुतळीनं मोजून आणली होती. सुतार म्हणतो, "आवं, लय उंच हुतंय. पोरीला चढायला शिडी लागंल." तुम्ही म्हणता, "चढंल की. माझी लेक काय म्हातारी हाय व्हय?" आई पदराआड हसते.

पलटणीतून पेन्शनीवर येऊन हे शेती बघत होते; गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालचं काही कळत नाही. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आले ते चाकाच्या खुर्चीतूनच. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला सगळं दाखवलं होतं. खुर्ची खाटेला भिडवायची, ब्रेक लावायचा, खुर्चीचा त्या बाजूचा हात काढायचा, मांडीखाली गुळगुळीत फळी सारायची आणि ह्यांनी त्यावरून घसरत पलीकडं जायचं. तिथं खाट नि खुर्ची एका पातळीत होती. इथं रहिमतपुरात तुमचा पलंग खुर्चीपेक्षा वीतभर उंच. पहिल्याच दिवशी फळी निसटली आणि हे मधेच लोंबकळले. मी कमरेला मिठी मारून उभी, सासूबाईंनी ओरडून दिरांना हाक मारली. शेजारून दीर धावत आले आणि आम्ही दोघांनी मिळून ह्यांना वर घेतलं.

तेव्हापासून भीती जी बसली ती बसलीच. संध्याकाळ झाली की ह्यांना पलंगावर घ्यायची वेळ होते. मी लागत नसल्या तरी भाकरी थापत राहते. हे म्हणायचे, खुर्चीतच निजतो. पण डॉक्टरांनी बजावलंय, एका जागी बसून राहिलं तर जखमा होतील, आणि ह्यांना त्या कळणारही नाहीत. दीर काही रोज हाताशी नसतात. एक दिवस हे माझ्या हातून सुटणार, एवढंच मला दिसत राहायचं.

पलंगाचे पाय कापून घेऊ म्हटलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बापानं दिल्याला पलंग त्यो. त्येचं पाय कापायचं म्हंजी संसाराचं पाय कापायचं. मी जिती हाय तवर न्हाई." हेही खाली बघत म्हणाले, "नगं. आबांनी माझ्या ट्रंकेसाठी केलाय त्यो." असा संताप आला मला! ट्रंकेला जागा हवी आणि माणूस पडला तरी चालेल?

मग परवा सकाळी चहा करता करता मी सासूबाईंना सांगितलं, "आबा आलते स्वप्नात. म्हणले, पोरी, काप पाय, माझी ना न्हाई." त्यांनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले. गेलेल्या माणसाचा शब्द आपल्याकडं कुणी मोडत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाल्या, "मग बोलव की सुताराला." ह्यांच्या कानावरही स्वप्न त्यांनीच घातलं.

सुतारानं ह्यांना पलंगावर बसवून, गादी दबते तेवढी धरूनच माप घेतलं आणि खुर्चीच्या पातळीला येतील एवढे पाय कापले. काल संध्याकाळी ह्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. फळी सपाट पडली. हे दोन्ही हातांवर जोर देत सरकले आणि पलंगावर गेले. एकटे. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. मी चौकट धरून उभी होते. मग ह्यांनी विचारलं, "आबा आणिक काय म्हणलं गं?" मी म्हटलं, "म्हणले, जावईबापूंना सांग, भिऊ नका, मी हाय." ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. आबा, तुम्ही आला नव्हता. गेल्यापासून एकदाही माझ्या स्वप्नात आला नाहीत. त्या दोघांना तुमच्या शब्दाचा आधार झाला. मला नाही, कारण तो शब्द माझाच आहे. आणि मला अजून लय भ्या वाटतंय.