कबड्डीत पडलेला आयुष

मंगल कार्यालय, धायरी
बुधवार, १४ मे २०२५

तीर्थरूप पप्पांस,
ऋतुजाचा साष्टांग नमस्कार.

(एवढं संजय सरांनी फळ्यावर लिहून दिलंय. पुढचं माझं.)

मी मजेत आहे. जेवण चांगलं असतं. सुंदराबाई आमटीत गूळ घालतात, आई घालत नाही, तेवढाच फरक. दुपारी हॉल फार तापतो. तुम्ही पत्रे बदलणार होतात, ते राहूनच गेलं. खोल्यांच्या गच्चीवरून आपलं घर दिसतं. काल आई कुरडया वाळत घालत होती. मी हात केला, पण तिने वर बघितलंच नाही. घर इतकं जवळ असून पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे.

पत्राचं कारण असं, की माझ्याकडे फोन सापडला. शिबिरात ज्याच्याकडे फोन सापडतो त्याने घरी माफीचं पत्र लिहायचं. सर ते वाचतात, मग सूरजदादा बाईकवरून घरी पोचवतो. तेव्हा पप्पा, माफ करा. पहिल्या दिवशी फोन जमा करताना मी आईचा जुना, बंद पडलेला फोन पिशवीत टाकला आणि माझा उशीच्या खोळीत ठेवला. बहुतेक सगळ्यांनी हेच केलं होतं. सरांनी पिशवी हलवून म्हटलंसुद्धा, "यंदा सगळ्यांचे आईवडील फारच साधे फोन देतात बुवा."

खरं तर पत्र इथे संपायला हवं. बाकीच्यांची अर्ध्या पानात संपली.

आयुष पडल्याचं तुमच्या कानावर आलं असेल. कर्वेनगरचा, चष्मेवाला, पहिल्या दिवशी तुम्ही ज्याला "पैलवान" म्हणालात तो. कबड्डी खेळताना पडला, असं सगळे सांगतात. सोमवारी तो पडला तेव्हा नुसतं कबड्डी म्हणत होते. आता त्याचा पाय कोणी धरला, तेही सांगतात. माझी मैत्रीण वैष्णवी तर म्हणते, "मी लाईनवरच उभी होते." पप्पा, सोमवारी कबड्डी झालीच नाही. मैदान आखायला फक्की आणायची राहिली होती.

झालं ते असं. आयुषने नाश्त्याच्या पोह्यांचा फोटो काढला आणि "दाणे शोधा, बक्षीस मिळवा" असं लिहून ग्रुपवर टाकला. तो कुणीतरी सरांना दाखवला. सर चिडले नाहीत. त्यांनी त्याला मैदानात, हॉलच्या पायरीसमोर उभं केलं, त्याचा फोन त्याच्याच हातात दिला आणि म्हणाले, "हात वर धर. अजून वर. रेंज चांगली येईल." सगळे हसले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मीही हसले. वैष्णवीला दाखवायला म्हणून फोटो काढला.

सर बदामाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. त्यांचा चहा झाला, पेपर झाला. आयुष हात खाली घ्यायला लागला की ते पेपरमधून न बघता म्हणायचे, "रेंज गेली." मग कुणी हसेनासं झालं. तो पडला तो सरळ पुढे, पायरीच्या कडेवर. मी तेव्हाही फोटो काढत होते. का, ते मला सांगता येत नाही. खाली ओरडायला हवं होतं, पण माझ्या हातात फोन होता आणि तो दिसला असता.

संध्याकाळी त्याची आई, मंदाकिनीकाकू, दवाखान्यातून त्याची बॅग न्यायला आल्या. टाके घातलेत, म्हणाल्या, आणि त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. डॉक्टर विचारतायत, आधी चक्कर आली होती का, उन्हात होता का. सर म्हणाले, "नाही हो, खेळताना झालं." आणि काकू सरांना सॉरी म्हणाल्या. "धांदरटच आहे तो, तुम्हाला उगाच ताप झाला," असं. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन उभी होते.

म्हणजे माझा फोन बाकीच्यांसारखा झडतीत सापडला नाही. मीच तो काकूंना दाखवायला खिशातून काढला होता. स्क्रीन उघडण्याआधी सरांनी हातातून घेतला. "ऋतुजा, तूसुद्धा?" काकूंसमोर हसत म्हणाले.

फोन सरांच्या कपाटात आहे. त्यांना पासवर्ड हवाय. ओरडत नाहीत. रोज जेवणानंतर विचारतात, "आठवला का?" काल म्हणाले, "बाळा, कमानीवर तुझ्या वडिलांचं नाव आहे. हॉल त्यांचा, शिबिर त्यांच्या भरवशावर. फोटो बाहेर गेला तर पहिल्यांदा कुणाकडे येतील? मी काय, मी दुसरीकडे शिबिर घेईन."

मागच्या दाराला कुलूप नसतं. दोनदा तिथपर्यंत जाऊन आले. पण घरी आले तर फोन इथे राहील, आणि उद्यापासून सगळे सांगतील की फोन घेतला म्हणून पळाली. तुम्हीही मला गाडीवर बसवून परत आणून सोडाल. मागे चुलतभावाला सोडलं होतंत, "संजयने मारलं असेल तर काहीतरी केलं असशील," म्हणून. सर वाईट आहेत असं मलाही म्हणता येत नाही. मला भाषण करायला त्यांनीच शिकवलं. गेल्या वर्षी मला ताप आला तेव्हा ते माझ्या उशाशी बसून होते. म्हणूनच हे लिहायला दोन दिवस लागले.

सर, हे पत्र आधी तुमच्या हातात येणार, तेव्हा तुमच्याशीही बोलते. पासवर्ड मला आठवतो. देणार नाही. पत्र फाडलंत तरी शनिवारी समारोपाला पप्पा पहिल्या रांगेत असतील, आणि मनोगतासाठी माझं नाव तुम्हीच घातलंय. मला माईकवर हे बोलायचं नाही. पप्पांची मान खाली जाईल. त्यापेक्षा पत्र जाऊ द्या. डॉक्टरांना उन्हाचं तुम्हीच सांगितलंत, तर आणखी बरं.

पप्पा, पत्र पोचलं असेल तर मला एकच कळू द्या. वाचून झाल्यावर तुम्ही आधी फोन कुणाला लावलात? सरांना, की मंदाकिनीकाकूंना? काकूंचा नंबर आईकडे आहे.

आईला यातलं तुम्हीच सांगा, मला जमणार नाही.

तुम्ही काय कराल हे माहीत नसलेली,
तुमची ऋतुजा