एकतीस नंबरची चिठ्ठी

३ डिसेंबर

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. पाय पुरता दुमडत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज.

इकडे मंडळी ठीक. दुकानात शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचा ढीग पडलाय, मशीनला तेल घालायलाही सवड नाही. पण आजचं पत्र वेगळ्या कारणासाठी. तुझी पुतणी, आमची बयो, जानेवारीत ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर परदेशात बर्फावर स्की करायला निघालीय. आणि योगायोग बघ, नेमकी तुझ्याच डोंगरावर! योगायोग कसला, मीच हळूच सुचवलं. जायचंच आहे तर काका आहे तिथे तरी जा, म्हटलं.

आधी मी नको म्हणून पाहिलं. त्यावर ती म्हणाली की बाबा सव्वीस वर्षांपूर्वी एकदा पडले म्हणून मी काय जन्मभर सपाटीवरच राहू? लंगड्या बापाने पुढे काय बोलायचं! तिची आई वरून शांत आहे, पण परवा चहात मीठ टाकलं.

तिला काय काय सांगायचं ते सविस्तर कळव. आणि एक मागणं आहे. स्की ती तुझ्याच दुकानातून भाड्याने घेईल. त्या स्कीला बूट धरून ठेवणारे खटके तू स्वतःच्या हाताने लाव. दुसऱ्या कुणाच्या हाताने नको. एवढं कर.

तुझी माया माझ्यावर जरा जास्तच आहे, ती तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

•

१४ डिसेंबर

चि. धाकट्यास,

दादाचे पोटभर आशीर्वाद. पाय कसा आहे, आधी ते सांग. तू त्याची गंमत करतोस, मला ती पचत नाही. थंडीत दुखतो का, खरं कळव.

बयो येतेय हे वाचल्यापासून मी दुकानभर सांगत सुटलोय. गिऱ्हाइकं कंटाळली. आता तिला समोर बसवून हे वाचून दाखव. विमा उतरवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यात बर्फावरचे खेळ धरलेत का, डोंगरावरून उचलून खाली आणायचा खर्च धरलाय का, हे बारीक अक्षरात वाचायचं. हेलिकॉप्टर काही रिक्षा नाही. मोजे एकच जोड, पातळ आणि लांब. नवशिके थंडी म्हणून दोन दोन चढवतात, मग बूट आवळतो आणि पाय बधिर होतो. बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं टोकाला जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकायला हवीत. नसेल तसं तर तिथल्या तिथे बदलून मागायचा, भिडेखातर गप्प बसायचं नाही. पहिले तीन दिवस शिकवणीचे. मैत्रिणी वर चल म्हणाल्या तरी जायचं नाही. उतार सोपा की अवघड ते सांगणाऱ्या पाट्यांच्या रंगांवर फार भरवसा नको, एका डोंगरावरचा निळा दुसऱ्यावर लाल ठरतो. वाटेच्या मधोमध थांबून फोटो काढत बसायचं नाही, थांबायचं तर कडेला. खालच्याला वाट आधी, वरून येणाऱ्याने सांभाळायचं. शेवटची लिफ्ट कधी बंद होते ते सकाळीच विचारून ठेवायचं. आणि हनुवटीच्या खालीसुद्धा क्रीम लाव म्हणावं, ऊन बर्फावरून उलटं वर येतं. हेल्मेटचं मी लिहीत नाही, ते घातल्याशिवाय मी तिला दाराबाहेर सोडणारच नाही.

राहिलं खटक्यांचं. ते माझ्याच्याने होणार नाही. तुला ठाऊक असून विचारतोस? खटका म्हणजे काय, एक स्क्रू. माणसाचं वजन, उंची, वय, स्की किती येतं, हे बघून तो आवळायचा. पडल्यावर बूट सुटला पाहिजे, एवढंच त्याचं काम. तुझा सुटला नाही. त्या सकाळी चाळीस माणसांची रांग होती. गिऱ्हाइकं वजन-उंची लिहून देत त्या चिठ्ठ्यांवर नावं नसायची, नुसते नंबर. आणि मी घाईत दुसऱ्याच कुणाच्या तरी वजनावर तुझा स्क्रू आवळला. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही. मी बूट देतो, घेतो, पुसतो, वाळत घालतो, बरं चाललंय माझं. बयोचं काम आमची मेकॅनिक पोरगी करेल, हात सोन्याचे आहेत तिचे. माझ्या हाताला एक पाय पुरे झाला.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझा,
दादा

•

२७ डिसेंबर

ती. दादास,

नमस्कार. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं, हे पाचवं.

सोबत एक चिठ्ठी जोडलीय. पिवळी पडलीय, पण वाचता येते. नंबर एकतीस. अक्षर ओळखलंस ना? माझंच. वजन लिहिलंय चौऱ्याहत्तर. तेव्हा मी छप्पन किलोचा काडीपैलवान होतो. स्की किती येतं, या प्रश्नापुढे ‘तरबेज’वर खूण आहे. बर्फ मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होतो.

दादा, तू चिठ्ठ्यांची अदलाबदल केली नव्हतीस. लिहिलं होतं तेवढाच स्क्रू तू आवळलास. खोटं मी लिहिलं.

का, तर रांगेत माझ्या मागे ऑफिसच्या सहलीतून आलेली एक मुलगी उभी होती आणि माझ्या खांद्यावरून चिठ्ठी वाचत होती. छप्पन आणि ‘नवशिका’ लिहायची लाज वाटली. ती मुलगी आत्ता आतल्या खोलीत काजं करत बसलीय.

पडलो त्याच क्षणी मला कळलं होतं. चिठ्ठी स्कीला बांधलेली होती, ती मी स्ट्रेचरवर घेण्याआधीच तोडून खिशात घातली. तू दवाखान्यात उशाशी बसून हमसून हमसून रडलास, माझ्या हातून घात झाला म्हणालास, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. आधी ती मुलगी भेटायला येत होती म्हणून बोललो नाही, मग तू काय म्हणशील म्हणून, मग इतके दिवस का गप्प होतास असं विचारशील म्हणून. दिवसांची वर्षं झाली.

मी दिवसभर लोकांची मापं घेतो. माप देताना पोट आत ओढणारे रोज भेटतात. मी मनात हसतो आणि दोन इंच जास्त धरतो. माझं पोट कधी कुणी पकडलं नाही. पाय माझा मोडला, पण हात तुझा गेला, दादा. माफी कुठल्या तोंडाने मागू? तरी मागतो.

पोरीसाठी मला अजूनही तुझाच हात हवाय. ती पन्नास किलो सांगेल. ऐकू नकोस, काट्यावर उभी कर.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तूच ठरव.

धाकटा

•

१२ जानेवारी

ती. भाऊजींस,

नमस्कार. ह्यांच्या पत्राला सोळा दिवस झाले, तुमची एक ओळ नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की हे मशीन थांबवतात. काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

चिठ्ठीचं मलाही आत्ताच कळलं. दोन दिवस मीही ह्यांच्याशी बोलले नाही. भाऊजी, खरं सांगू? मी चिठ्ठी वाचतच नव्हते हो! पुढे काउंटरपाशी गरम चहा मिळतोय का, ते मान उंचावून बघत होते. ह्यांच्या वजनाशी मला काय करायचं होतं?

तुम्ही रागवा, चार शिव्या घाला, पण लिहा. बयो अठराला निघते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला सांभाळा, आणि जमलं तर ह्यांनाही.

तुमची,
भावजय

•

१६ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडून देतोय.

गाढवा! हा शब्द लिहायला इतके दिवस लागले, कारण त्याआधी सुचत होते ते टपालात टाकण्याजोगे नव्हते. सव्वीस वर्षं, धाकट्या! आई जाईपर्यंत मला वाटायचं, ही माझ्या हातांकडेच बघतेय. ते दिवस तू कुठून आणून देणार? सगळं माफ केलं असं आज लिहिलं तर तेही खोटंच ठरेल. मला वेळ लागेल.

पण माझंही एक ऐक. माझा सख्खा भाऊ काउंटरपलीकडे उभा होता आणि मी मान वर करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चौऱ्याहत्तर किलो तुझ्यात दिसणार कुठे होते? तेवढी चूक माझी, ती माझ्याकडे राहू दे.

काल मेकॅनिक पोरीकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. एकच स्क्रू सहा वेळा काढला, सहा वेळा लावला. तिने विचारलं की काय झालं, मी म्हटलं सराव करतोय. बयो आली की बघू, जमलं तर जमलं.

बयोच्या आईला सांग, तो चहा अजूनही बेचवच असतो.

दादा

•

२५ जानेवारी

ती. बाबांस,

बयोचा नमस्कार. मी सुखरूप आहे, हे आईला आधी ओरडून सांगा आणि मग पुढे वाचा.

पहिल्याच सकाळी काकांनी मला काट्यावर उभं केलं. त्रेपन्न भरले. काटा बिघडलाय म्हटलं तर हसलेसुद्धा नाहीत. मग स्टुलावर बसवून माझ्याकडे नुसते बघत राहिले, इतका वेळ, की मागची रांग कुरकुरायला लागली. स्क्रू लावायला त्यांना वीस मिनिटं लागली आणि कपाळावर घाम आला. त्या बर्फात, घाम! तरी त्यांचं समाधान झालं नाही. दुकान सोडून माझ्यामागे शिकवणीच्या उतारावर आले आणि खाली काठी टेकून उभे राहिले.

आणि मी पडले. डाव्या पायाला पीळ बसतोय असं वाटलं, तेवढ्यात खट्ट झालं आणि स्की सुटून बाजूला पडली. मला कुठे खरचटलंही नाही. काका मात्र मटकन बर्फात बसले. त्या जड बुटांत मी खुरडत त्यांच्यापाशी गेले, तर लहान मुलासारखे रडत होते. तिथेच बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. बाबा, मला तुमचा भयंकर राग आलाय. तो मी घरी आल्यावर समोरासमोर काढणार आहे.

मग डोळे पुसून काका म्हणाले की परत एकदा पडून दाखव, हळू. मी पडले. सुटली. म्हणाले की आता उजव्या अंगाला. तीही सुटली. शिकवणारे सर वैतागले, ही मुलगी शिकायला आलीय की पडायला, असं विचारायला लागले. काकांनी त्यांना हाताने थांबवलं. त्या दुपारी मी नऊ वेळा पडले, बाबा, आणि दर वेळी काका टोपी हवेत उडवून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडत होते, की सुटली, सुटली!

राग आहे म्हणून माया कमी झाली, असं मात्र समजू नका.

तुमची,
बयो