खिडकीतल्या बाईचं निदान

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे, हे मी तुला दर पत्रात विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचं पुराण लावतो. आजही तेच करणार आहे, फक्त या खेपेला उत्तर खरंच हवंय.

तर माझी भर सभेत शोभा झाली. आमच्या रस्त्यावरच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुन्या कादंबरीवर चर्चा असते. या वेळच्या कादंबरीतली बाई शेवटी खिडकीत बसल्या बसल्या ‘विरहाने’ प्राण सोडते. ग्रंथपालबाईंच्या (सगळे त्यांना ‘शांतता राखा’ म्हणतात, तोंडावर नाही) मनात आलं की ती नेमकी कशाने गेली ते डॉक्टरला विचारावं. मी हृदयाचा डॉक्टर, आणि कौतुकाचा भुकेला. लगेच हो म्हणालो. आता आमच्या धंद्याची एक खोड आहे. रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान आधी. निष्कर्ष तिथेच असतो, मागचं कोण वाचतो? कादंबरीही मी तशीच वाचली. शेवटची चार प्रकरणं, पेन्सिलने खुणा करत.

बोललो मात्र झकास! (स्वतःच सांगतो, दुसरं कोणी सांगणार नाही.) म्हटलं, विरह वगैरे सब झूट. बाई दोन जिने चढून धापा टाकते, तीन उश्या घेऊन झोपते, पाय सुजून चपला होत नाहीत, आणि कोणी विचारलं की ‘काही नाही गं, वय झालं’ म्हणते. हृदयाची झडप बिघडलेली, आंधळ्यालाही दिसावं! मग मी टेबलावर मूठ आपटली आणि गरजलो की हिच्या घरात एक, फक्त एक डॉक्टर असता तर ही बाई जगली असती.

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ‘शांतता राखा’ शांत राहिल्या आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, तिचा धाकटा भाऊ डॉक्टरच आहे. तिसऱ्या प्रकरणात येतो, वजन कमी कर म्हणतो आणि घाईत निघून जातो.”

लोक असे हसले की मागच्या रांगेतल्या एका आजोबांना ठसका लागला. मीही हसलो. हसता हसता पाण्याचा पेला उचलला आणि तो हातातच राहिला. ताई, मला आमचा जिना आठवला. चैत्रात नाही का तू आली होतीस, दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलीस, कपाळाचा घाम पुसलास. आणि मी, वरून, कठड्यावर वाकून, काय म्हणालो? ‘वजन कमी कर, ताई.’ म्हणालो आणि दवाखान्यात पळालो. माझ्या शिक्षणासाठी तू स्वतःची शाळा सोडलीस, आणि तुझ्या छातीला मी अजून एकदाही नळी लावलेली नाही. लाज वाटते गं. सभेची नाही.

घरी सगळे मजेत आहेत. मुलांना आत्याची आठवण येते. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. रात्री किती उश्या घेतेस? खरं लिही. भावोजींनाही वेगळं विचारणार आहे.

ता. क. पत्राची वाट बघवणार नाही. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतोच आहे. माझ्या दवाखान्यात लिफ्ट आहे, सबबी तयार करू नकोस.

ता. क. कादंबरी पहिल्या पानापासून वाचून काढली. तो भाऊ तिसऱ्या प्रकरणात जातो तो परत येतच नाही.

ता. क. चैत्रात परत जाताना तू माझ्या चपला घालून गेलीस. ‘तुझ्या मऊ आहेत’ म्हणालीस आणि मी खूश झालो, गाढव! तुझ्या चपला आमच्याकडेच पडल्यात, त्या बरोबर आणतोय. तुझ्या पायांत बसल्या तर माझ्या घेऊन परत जाईन. नाही बसल्या तर तुला घेऊन.