कपाची जागा

११ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण गुडघ्याने हरकत घेतली. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून.

आधी एक गंभीर तक्रार. ऑफिसात माझ्या चहाच्या कपाचं वारंवार अपहरण होतंय. निळा, कान तुटलेला, फुकट दिला तरी कुणी घेऊ नये असा कप. तो कधी खिडकीत सापडतो, कधी प्रिंटरच्या मागे, परवा तर कागदांच्या कपाटात. पूर्वी यज्ञाचा घोडा पळवत, त्यामागे निदान काही महत्त्वाकांक्षा तरी असे. सफाईच्या मावशींकडे मी रीतसर चौकशी सोपवली आहे. निकाल पुढे सांगतो.

बाकी ठीक. तुझी भावजय बरी आहे, माझ्यावर नेहमीइतकीच रागावलेली आहे. मी मात्र थकलोय. आमच्याकडे एक नवशिका प्रोग्रामर घ्यायचाय, त्याच्या मुलाखती चालू होत्या. एकेकाचा आत्मविश्वास असा, की त्याला वेगळी खुर्ची द्यावी. मी कुणाला नवीन काही लिहायला सांगत नाही. दुसऱ्याने लिहिलेला आणि मी मुद्दाम बिघडवलेला एक प्रोग्राम हातात देतो आणि म्हणतो, मोठ्याने वाच, कुठे अडेल ते सांग. अण्णा आपल्याला श्लोकाचा अन्वय लावायला बसवायचे, त्यातलाच प्रकार. बहुतेक जण दुसऱ्या ओळीलाच शाबासकीची वाट बघू लागतात.

शेवटी दोघं उरली. एक मुलगी, तिला मी मनात तलवारबाई म्हणतो. एक मुलगा, शांतिब्रह्म. चूक दोघांनाही सापडली. आमचे साहेब वयाने माझ्या पुतण्याएवढे आहेत. ते म्हणाले, "काका, तुमच्याच शेजारी बसणार, तुम्हीच ठरवा."

आता त्या दिवशीची एक किरकोळ गोष्ट. तलवारबाईला मी विचारलं, हाच प्रोग्राम एकाच वेळी दोघांनी वापरला तर काय होईल? तिने नीट उत्तर दिलं. मग मी पुढचा प्रश्न विचारला, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"सर, हे तुम्ही आत्ताच विचारलंत."

साहेब हसले. मीही हसलो. म्हटलं, तुझं लक्ष आहे का ते बघत होतो.

दुपारी शांतिब्रह्म आला. त्याच प्रश्नाचं उत्तर त्याने दोनदा दिलं. दुसऱ्यांदा शब्द बदलून, जणू मी काही वेगळंच विचारलं होतं. साहेब फोनवर होते, त्यांना पत्ताही लागला नाही. मला कळलं ते त्याच्या चेहऱ्यावरून. इतक्या मायेने हल्ली माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. उठताना त्याने टेबलावर राहिलेला माझा चष्मा उचलून माझ्या हातात दिला.

काल त्याचंच नाव कळवायला बसलो होतो. असा मुलगा शेजारी असला तर माझं पुष्कळ झाकलं जाईल. पण ताई, आमचा प्रोग्राम दवाखान्यात औषधाची मात्रा मोजतो. तिथे माझी चूक कुणी मानापोटी पदराआड घेतली, तर ती कुणाच्या तरी नसेत जाणार. मग काही लिहवेना.

आज सकाळी तलवारबाईचं नाव दिलं. शांतिब्रह्माला नकार कळवायचा फोन मीच केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे सर. तब्येतीला जपा." असं का म्हणतोस, हे मी त्याला विचारलं नाही.

मावशींच्या चौकशीचा निकालही आजच लागला. "अहो, तुम्हीच ठेवता की तो कपाटात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुंग्या लागतात म्हणून."

अण्णांपाशी शेवटपर्यंत तू होतीस. आपली नावं त्यांना आठवेनाशी झाली, तरी एखादा शब्द चालवायला सांगितला की सातही विभक्त्या घडाघडा म्हणायचे. आपण दोघं हसायचो. हल्ली सकाळी दाढी करताना मीही एखादा शब्द चालवून बघतो. सगळा येतो. त्याने धीर यायला हवा, पण येत नाही.

त्यांचं सुरू झालं तेव्हा तुला सगळ्यात आधी काय दिसलं होतं? हिला अजून काही सांगितलेलं नाही. मला अण्णांसारखं होतंय, अशी भीती वाटते.

फोन करू नकोस. लिहूनच कळव, म्हणजे पुन्हा वाचता येईल.

तुझा,
धाकटा