गाळलेल्या चार ओळी

सोमवार, १८ एप्रिल १९३८. शहापूर

परवा इथे लिहिलं – ‘ह्यांच्या पत्रात विशेष काही नव्हतं.’ ते खोटं आहे. खोडत नाही, खाली खरं लिहिते.

पत्र मामंजींच्या नावे येतं, वाचायचं मी. घरात अक्षर मलाच येतं. मुरबाडला दादाने शिकवलं. माहेरीही शिकलेली बाई मी पहिलीच. शेवटच्या चार ओळी मी मोठ्याने वाचल्या नाहीत. ‘आमचे सर्व्हेचे साहेब मेअखेर हिमालयात बर्फाच्या नदीवर चालावयास जाणार. मीही सोबत आहे. मडमेला बाई माणूस हवे, तरी आपल्या सुनेला पाठवावे. वाशिंदचा नथू रजा संपवून बारा मेला निघेल, त्याच्या कुटुंबासोबत यावी.’

‘सुनेला’ दिसलं आणि जीभच वळेना. माझं बोलावणं मीच कसं वाचू? मनचं जोडलं म्हणतील!

मामंजी म्हणाले, “एवढंच?”

मी म्हटलं, “एवढंच.”

गुरुवार, २१ एप्रिल

उत्तर मामंजींनी सांगितलं, मी लिहिलं. म्हैस व्याली. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले. धोंडीबाईच्या सुनेला मुलगा. माझ्याबद्दल अक्षर नाही – त्यांना ठाऊकच कुठे आहे! एक ओळ घालावीशी वाटली. पण सांगितल्याबाहेर कशी घालू? टपालपेटीत टाकून आले.

शनिवार, २३ एप्रिल

नदी गोठते म्हणजे कशी? आपली भातसा नदी डोळ्यांपुढे आणते. पाणी जागच्या जागी थांबलेलं, लाटेसकट. त्यावरून हे आणि मी – शेजारी शेजारी. लग्नाला दोन वर्षं, एकत्र दिवस सव्वीस. आणि शेजारी एकदाही चाललो नाही. गावात हे पुढे, मी दहा पावलं मागे. तिथे कोण बघणार!

बुधवार, २७ एप्रिल

सरपणाला माहुली गडाच्या पायथ्यापर्यंत गेले. मुद्दाम लांबून. पाय दुखले नाहीत.

गुरुवार, ५ मे

ह्यांच्याकडून पार्सल – बूट! तळाला खिळे ठोकलेले. चिठ्ठी नाही.

सासूबाईंनी एक तळहातावर धरला. “एवढासा! हा कोणाच्या पायात जायचा गो?”

मामंजी म्हणाले, “चुकून धाडला असंल. मी मुरबाडला जाऊन येतो. रविवारी आलो का परत धाडू.”

“घालून तरी बघ,” सासूबाई मला हसून म्हणाल्या. “मडम दिसशील!”

मी मान हलवली. म्हटलं, “माझ्या पायात नाही बसायचे.” फाल्गुनात निघताना ह्यांनी दोऱ्याने माझं पाऊल मोजलं होतं. मला वाटलं, वहाणा आणणार. सगळं ठाऊक असून बोलले. हे दुसरं खोटं.

शुक्रवार, ६ मे

नथू बारा तारखेला निघणार. बूट परत गेले की ह्यांना काय वाटेल? मी नको म्हटलं असंच ना!

शनिवार, ७ मे

सासूबाई नदीवर गेल्या तेव्हा पडवीत बूट घातले. उजवा नेमका बसला. डाव्यात अंगठ्याला काही टोचलं. हात घातला – घडी घडी केलेला कागद. ह्यांचं अक्षर. मामंजींना नाही, मला!

‘त्या ओळी तू वाचणार नाहीस, ठाऊक आहे. बूट घातलेस म्हणजे यायचं आहे. आता वाच.’

यायचं आहे.

उद्या, रविवार, ८ मे. मामंजी येऊन पाणी प्यायले, की ते पत्र पुन्हा मोठ्याने वाचेन. शेवटच्या चार ओळी आधी.