जोकरवर लिहिलेली बदाम दश्शी

मंगळवार, संध्याकाळ

शिसारी आली आज. त्या पत्त्यांची, आणि माझीही.

पोराच्या कपाटात नावाजलेल्या जादूगारांनी काढलेले पत्त्यांचे जोड आहेत, मोजकेच छापलेले. खेळायचे नाहीत, नुसते जमवायचे. रोज जेवून उठला की तो त्यांच्यापुढे उभा राहतो. माझ्यासोबत मेंढीकोटला बसून किती दिवस झाले?

आमचा जोड झिजला, म्हणून दुपारी कपाट उघडं दिसलं तसा त्याचा एक घेतला. खेळता खेळता शेजारच्या गुलाबभाऊच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा बदाम दश्शीवर पडला. छी! पत्ता गेला की जोकरवर त्याचं नाव लिहून तोच चालवायचा, ही आमची रीत. मी पेन घेतलं.

पोरगा आला, जोकर पाहून पांढरा पडला. "बाबा, याच्यावर त्या जादूगाराची सही होती. काहून लिहिलं?"

"मले काय मालूम? पत्ते खेळाले असतात."

"मग खेळा आता." कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवून तो आत गेला.

किल्ली अजून पुढ्यातच पडली आहे. हात लाववत नाही.

मालूम नव्हतं? जोकरवर तो हसरा चेहरा, खाली शाईची सही. वर जागा रिकामी होती. मी सहीवरच लिहिलं. दोनदा गिरवून.